कर्तेपण कोणाचे?

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा होतो. त्या सोहळ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी एका जुन्या मोटारीतून येतात. गर्दीतला बाप खांद्यावरच्या मुलाला ती दाखवतो आणि सांगतो, "ती बघ मेबॅक!" ही मोटार कोणी बनवली असे मुलाने विचारले, तर तोच शब्द पुन्हा उत्तर म्हणून दिला जातो. ते उत्तर खोटे नाही. पण ते पुरतेही खरे नाही.

जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन या गावी मेबॅक पितापुत्रांचा कारखाना होता. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने हे त्यांचे मूळ काम. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी मोटारी केल्या, परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडे ती बहुधा नुसती चासी. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके आणि सुकाणू एवढेच तिच्यात असे. बसायची जागा, दारे, छत, चाकांवरची पत्र्याची वळणे, म्हणजे लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते सगळे, दुसरे लोक दुसऱ्या गावी करीत. मेबॅकच्या बाबतीत ते काम बव्हंशी राव्हेन्सबुर्ग येथील श्पोन यांच्याकडे होई. तेव्हा ज्या रूपाकडे बोट दाखवून आपण "मेबॅक" म्हणतो, ते रूप बहुतेक वेळा मेबॅकच्या हातचे नसते.

हा सगळा श्रीमंतांच्या खेळण्यांचा विषय आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. एखादी वस्तू, एखादी इमारत, एखादे काम "कोणाचे" हा प्रश्न आपल्या घरात, शेतात, कचेरीत आणि धर्मग्रामातही रोज उभा राहतो. फक्त तेथे तो आपण फार लवकर मिटवून टाकतो. मोटारींच्या बाबतीत कागदपत्रे पुष्कळ शिल्लक राहिली, वस्तू अनमोल ठरल्या आणि त्यामुळे खरा रचनाकार कोण याचा शोध चिकाटीने घेतला गेला. म्हणून या दूरच्या उदाहरणावरून जवळचे काही अधिक स्वच्छ दिसते.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. त्यांच्याच घराण्यातील यशवंतराव होळकर (दुसरे) हे इंदूरचे महाराज १९०८ साली जन्मले आणि १९६१ साली निवर्तले. नव्या कलेची त्यांची जाण असामान्य होती. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी इंदूरला माणिकबाग हा राजवाडा उभारून घेतला. त्यातील खुर्च्या, दिवे, गालिचे हे युरोपातील नामवंत रचनाकारांचे होते. आणि याच महाराजांनी त्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरातून ड्यूसेनबर्ग एस. जे. या मोटारीची चासी विकत घेतली. ती त्या काळातील अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य गाड्यांपैकी एक. आठ सिलिंडरांचे इंजिन, सुमारे सात लिटर क्षमतेचे, आणि जादा हवा भरणाऱ्या यंत्रामुळे कंपनीच्या सांगण्यानुसार ३२० अश्वशक्तीचे. ही चासी लंडनला गुर्नी नटिंग यांच्या कारखान्यात गेली, तेथे तिच्यावर लांबलचक उघडे शरीर चढवले गेले आणि मग ती महाराजांची झाली.

आता या गाडीचा कर्ता कोण? ज्याच्या नावाने ती जगात ओळखली जाते तो महाराज? ज्याचे नाव तिच्या तोंडावर आहे तो फ्रेड ड्यूसेनबर्ग? तो तर १९३२ सालीच मोटार अपघातानंतर वारला होता. इंजिनाची प्रत्यक्ष घडण लायकमिंग नावाच्या वेगळ्याच कारखान्यात होई. मग शरीरावर ज्याची नावपट्टी तो जॉन गुर्नी नटिंग? पण तो धंद्याचा मालक. त्याच्या चेल्सी येथील कारखान्यात त्या वर्षांत गाड्यांची रूपे रेखाटण्याचे काम ए. एफ. मॅकनील नावाचा मुख्य रचनाकार पाहत असे. गुर्नी नटिंगच्या गाड्यांची जी डौलदार, झुकती रेषा रसिक आजही दुरून ओळखतात, ती प्रामुख्याने या माणसाच्या पेन्सिलीतून उतरलेली. १९३७ च्या सुमारास जॅक बार्क्ले या लंडनच्या मोटार व्यापाऱ्याने ब्रॉमली येथील जेम्स यंग हा कारखाना घेतला आणि मॅकनील तिकडे गेला. त्यानंतर तीच रेषा जेम्स यंग या नावपट्टीखाली दिसू लागली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली मोटार ही कलाकृती म्हणून मांडण्यासाठी आठ गाड्यांचे प्रदर्शन भरवले. त्यांत १९३९ ची एक बेंटली होती. तिच्या शरीराचे श्रेय जेम्स यंग या नावाला होते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. मॅकनीलच्या हाताखाली गुर्नी नटिंगकडे जॉन ब्लॅचली नावाचा तरुण शिकत होता. गुरू गेल्यावर तो त्याच्या जागी बसला आणि पुढे रोल्स रॉइस कंपनीत गेला. १९५५ ची सिल्व्हर क्लाउड आणि १९६५ ची सिल्व्हर शॅडो या गाड्यांची रूपे त्याची. म्हणजे मॅकनीलने ज्या कारखान्यासाठी कधी काम केले नाही, त्या कारखान्याच्या गाड्यांतही त्याच्या शिकवणीचा अंश उतरला असणार. शिष्याच्या हातातून गुरू काम करतो, हे आपल्या गायकांना आणि कीर्तनकारांना सांगावे लागत नाही. नावपट्टी मात्र एवढी लांब कधीच नसते.

आणि मॅकनील तरी एकटा कोठे होता? त्या काळातील मोटारीचे शरीर कसे घडत असे ते पाहिल्याशिवाय या प्रश्नाची खोली कळत नाही. गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी आधी लहान प्रमाणातले रंगीत चित्र काढले जाई. ते पसंत पडले की भिंतीएवढ्या फळ्यावर वा कागदावर गाडीचे पूर्ण आकाराचे आरेखन होई. हे आरेखन करणारा माणूस निराळा असे, आणि त्याचे काम केवळ नकलेचे नव्हते. कागदावर मोहक दिसणारे वळण खऱ्या दारात बसेल काय, बिजागरी कोठे येईल, काच खाली उतरण्यास जागा उरेल काय, हे त्याला ठरवावे लागे. त्या आरेखनावरून सुतार ॲश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा जोडीत. मग पत्रा ठोकणारे कारागीर ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा घेऊन लाकडी हातोड्याने, वाळूच्या पिशवीवर आणि दोन चाकांच्या मधून फिरवून त्याला पोट आणि पाठ देत. गाडीच्या अंगावरून तळहात फिरवला असता कोठेही खाचखळगा लागू नये, ही त्यांची परीक्षा. शेवटी रंगारी थरावर थर चढवीत, घासीत, पुन्हा चढवीत, आणि चामडे शिवणारे आत बसत. एका चित्रकाराने एक रेषा काढली. ती रेषा दुहेरी वळणाच्या पत्र्यात उतरवताना किती अंशांनी बदलली, कोणी बदलली आणि त्या बदलानेच ती सुंदर झाली काय, हे चित्र सांगू शकत नाही.

फ्रान्समध्ये या प्रश्नावरून उघड वितुष्ट आले. १९३६ च्या पॅरिस प्रदर्शनात देलाहाय १३५ ही चासी फिगोनी ए फालाशी यांच्या शरीरासह मांडली गेली. चारही चाके पाण्याच्या थेंबासारख्या बंद पंखांखाली झाकलेली, जणू वारा पत्र्यात गोठला आहे. पुढे ती आगाखानांचे पुत्र प्रिन्स अली खान यांनी घेतली. आता नावपट्टीवरील दोन नावांपैकी फालाशी हा भांडवल आणि व्यवहार सांभाळणारा भागीदार. रेखाटण्याशी त्याचा संबंध नव्हता. इटलीत जन्मून लहानपणी पॅरिसला आलेला जोसेफ फिगोनी हा खरा कारागीर. परंतु जॉर्ज हामेल, म्हणजे जिओ हाम या नावाने मोटार शर्यतींची चित्रे काढणारा प्रसिद्ध चित्रकार, हाही त्या रूपावर हक्क सांगत होता, कारण त्याने त्या कल्पनेचे चित्र काढले होते. फिगोनीच्या दृष्टीने चित्र निराळे आणि रस्त्यावर धावणारी गाडी निराळी. दोघांचे पटले नाही. मला या भांडणात दोघांविषयीही सहानुभूती वाटते. तिसरे नाव मात्र भांडणाशिवाय पट्टीवर राहिले, ही यातील गंमत.

याहून विलक्षण कथा अमेरिकेतील आहे. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस हिबर्ड आणि रेमंड डीट्रिक या दोन तरुणांनी मोटारींची रूपे रेखाटून देण्याचा व्यवसाय काढला. त्यांच्याजवळ कारखाना नव्हता, केवळ कागद आणि पेन्सिली होत्या. फ्रेंच नावाला बाजारात वजन होते म्हणून त्यांनी स्वतःला "लेबॅरन" म्हणवून घेतले. लेबॅरन नावाचा कोणी माणूस त्या धंद्यात नव्हताच. ड्यूसेनबर्ग कंपनी तर आणखी पुढे गेली. १९२९ साली गॉर्डन ब्यूरिग हा पंचविशीतला तरुण तेथे मुख्य रचनाकार झाला. त्याने काढलेल्या आकृत्यांवरून काही शरीरे इंडियाना राज्यातील युनियन सिटी येथे एका साध्या कारखान्यात बनत. इंडियानातील आडगावचे नाव राजेरजवाड्यांना सांगायचे कसे? म्हणून कंपनीने "ला ग्रांद" हे भपकेबाज नाव घडवले आणि तसे शरीर त्या नावाने विकले. ज्याने आखले तो ब्यूरिग अदृश्य, ज्यांनी ठोकले ते युनियन सिटीचे कामगार अदृश्य, आणि जो अस्तित्वातच नव्हता तो कर्ता!

येथे मला नैतिक प्रश्नाचे तीन भाग वेगळे करावेसे वाटतात, कारण आपण ते नेहमी एकात कालवतो. गुर्नी नटिंगची पट्टी ही एक सही आहे. "हे काम बिघडले तर मी जबाबदार" एवढे ती सांगते. तिच्यात असत्य नाही, संक्षेप आहे. सुताराचे नाव कोठेच नाही, हे मौन आहे. मौन अन्याय्य असू शकेल, पण तेही असत्य नव्हे. "ला ग्रांद" ही मात्र खऱ्या माणसांच्या जागी बसवलेली सोंगाची बाहुली आहे. व्यापारात हे चालायचेच असे कोणी म्हणेल. परंतु खोटी साक्ष नेहमी शेजाऱ्याविरुद्ध दोषारोपाच्याच रूपात येते असे नाही. शेजाऱ्याने केलेले चांगले काम दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणे, हेही त्याच्याविरुद्ध दिलेली साक्षच होय.

खोटेपणा कधी कोणी हेतूने न करताही रुजतो. बेंटली कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो याने मार्च १९३० मध्ये पैज मारली की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणारी "ब्ल्यू ट्रेन" ही आगगाडी कॅले बंदराला पोहोचण्यापूर्वी आपण मोटारीने लंडन गाठू. ती पैज त्याने जिंकली. त्याच्याजवळ गुर्नी नटिंगने केलेली एक अत्यंत देखणी बेंटली होती. तीच ती शर्यतीची गाडी असे पुढे सर्वजण मानू लागले. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने आगगाडीबरोबर धावणारी तीच गाडी रंगवली आणि समजूत पक्की झाली. पुढे तारखा तपासल्या तेव्हा कळले की ती देखणी गाडी बार्नाटोच्या हाती आली मे १९३० मध्ये, शर्यतीनंतर दोन महिन्यांनी. शर्यतीत धावली होती एच. जे. मुलिनर यांनी शरीर चढवलेली एक साधी, चौकोनी, बंद बेंटली. कीर्ती देखण्या गाडीकडे आपोआप वाहत गेली, जसे पाणी उताराकडे जाते. आपल्या स्मरणशक्तीचा उतारही असाच ठरलेला असतो. प्रसिद्धाकडे, सुंदराकडे आणि धनवंताकडे.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकवली जात. द्रव्य, रूप, निमित्त आणि प्रयोजन. उदाहरण बहुधा मूर्तीचे असे. कांसे हे द्रव्य, देवतेचा आकार हे रूप, मूर्तिकार हे निमित्त, आणि पूजा वा गौरव हे प्रयोजन. उदाहरण नेटके होते, कारण मूर्तिकार एकच होता. होळकरांच्या ड्यूसेनबर्गला हीच चौकट लावून पाहा. निमित्तकारणाच्या घरात निदान पन्नास माणसे दाटीवाटीने उभी राहतात, आणि रूप कोणाच्या मनात प्रथम आले हे ठरवताना चित्रकार, आरेखक आणि स्वतः महाराज यांच्यात बोलाचाली होते. संत थॉमस अक्वायनस यांनी एके ठिकाणी दाखला दिला आहे की घर बांधताना ज्याच्या मनात घराचे रूप असते त्याला स्थपती आणि शहाणा म्हणतात, लाकूड तासणाऱ्याला वा दगड घडवणाऱ्याला नव्हे. त्या महान गुरूपुढे नम्र होऊन मी एवढेच म्हणेन की लाकूड तासणाऱ्याच्याही मनात एक रूप असते. ते त्या एका तुकड्याचे असते आणि तो तुकडा चुकला तर घर चुकते. निर्गमच्या पुस्तकात निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलला योजनेची आणि दगड-लाकूड कोरण्याची अशी दोन्ही कौशल्ये एकाच वेळी दिली गेली आहेत, आणि त्याच्या जोडीला अहलियाबचे नावही सांगितले आहे. तेथे डोके वर आणि हात खाली अशी उतरंड नाही.

आपली मराठी या बाबतीत तत्त्वज्ञांपेक्षाही सावध आहे. "बांधणे" आणि "बांधवणे", "करणे" आणि "करवणे" असे दोन शब्द तिने आपल्याला दिले. "राजाने वाडा बांधवला" असे म्हटले की राजालाही त्याचे मिळाले आणि गवंड्याची जागाही रिकामी राहिली नाही. शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणून हे आपण शिकलो, पण बोलताना आळस करतो. शहाजहानने ताजमहाल "बांधला", शलमोनाने मंदिर "बांधले". वास्तविक राजांच्या पहिल्या ग्रंथात सोरहून आलेल्या हिराम नावाच्या पितळकाम करणाऱ्या विधवापुत्राचे नाव स्पष्ट लिहिले आहे. तरी ते मंदिर आपल्या तोंडी शलमोनाचेच राहिले. "कर्ता करविता" हे दोन शब्द एकत्र आपण परमेश्वराविषयी योजतो. तो दोन्ही आहे. माणसे बहुधा दोहोंपैकी एकच असतात, आणि करवणाऱ्याने कर्ता म्हणवून घ्यावे याची घाई मात्र फार असते.

करवणाऱ्याचा वाटा मी कमी लेखत नाही. होळकर महाराजांची दृष्टी नसती तर ती चासी इंदूरच्या वाटेला लागली नसती, आणि मुथेसियसला आपल्या तरुण वयात असा राजवाडा उभारायला मिळाला नसता. परंतु पुढे काय झाले पाहा. माणिकबागेतील वस्तूंचा १९८० साली मोनॅको येथे लिलाव झाला, २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात या महाराजांच्या संग्रहावर प्रदर्शन भरले. तेथे खुर्ची कोणाच्या रचनेची, दिवा कोणाचा, हे रचनाकाराच्या नावानिशी मांडले जाते. एकाच धन्याच्या घरातील खुर्चीला कर्ता मिळाला. मोटारीला मात्र सर्वत्र धन्याचे आणि कारखान्यांचे नाव. म्हणजे श्रेय देणे अशक्य असते असे नाही. कोणत्या वस्तूला आपण कलाकृती मानतो आणि कोणत्या वस्तूला नुसती मालमत्ता, यावर ते अवलंबून असते.

परदेशातून आपल्या गावी येऊ. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा पाणीमहाल पुष्कळांनी पाहिला असेल. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल बसवला आहे. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन मुखांतून पाणी कोसळते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. तो इब्राहिम आदिलशहा (दुसरा) याच्या काळातला, हे सर्वांच्या तोंडी असते. पण तेथे शिलालेख आहे, आणि त्यावरून १६१३ साली हे काम मीर इमादीन याने केले असे कळते. चारशे वर्षांनंतरही सुलतानाच्या नावाशेजारी बांध घालणाऱ्याचे नाव टिकले, कारण कोणीतरी ते दगडावर घालू दिले.

तेरला मात्र उलट आहे. प्राचीन तगर ती हीच. तेथील संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीप्रतिमा आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई शहरात तिच्यासारखीच एक भारतीय प्रतिमा सापडली, त्यामुळे तेरची ही प्रतिमा अभ्यासकांच्या परिचयाची झाली. संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यांनी जन्मभर वेचून हा ठेवा जमवला नसता तर तो मातीतच गेला असता. ज्या हातांनी ते हस्तिदंत कोरले त्यांचे नाव मात्र कोणत्याही शिलालेखात नाही. याच गावी गोरोबाकाका झाले. संतांच्या मेळ्यात डोक्यावर थापटणे मारून मडके पक्के की कच्चे हे त्यांनी पाहिले, ती कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मला त्या कथेत नेहमी आणखी एक गोष्ट जाणवते. परीक्षा घेणारा कुंभार होता, आणि त्याच्या हातातले हत्यार त्याच्या धंद्यातले होते. त्याने आयुष्यभर घडवलेल्या मडक्यांवर सही नव्हती, पण मडके वाजवून पाहण्याचा अधिकार त्याचाच होता.

यावर एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो दुबळा नाही. कारागिराला मजुरी मिळाली, हिशेब मिटला. नाव कशाला हवे? शिवाय नावाचा मोह ही काही चांगली गोष्ट नव्हे. चर्चमध्ये आम्हीच निष्काम सेवेचे गुणगान करतो, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असे सांगतो. मग सुताराने अनाम राहावे यात बिघडले काय?

बिघडते ते असे. मजुरीने श्रम विकत घेता येतात, "हे मी घडवले" हे सत्य विकत घेता येत नाही. ते सत्य विक्रीला ठेवण्याजोगे नाही. धन्याने पूर्ण दाम मोजले तरी घडवणारा घडवणाराच राहतो. आणि नम्रतेविषयी म्हणाल, तर ती माणसाने स्वतःच्या नावाबाबत बाळगायची असते, दुसऱ्याच्या नावाबाबत नव्हे. मी माझे नाव झाकले तर ते व्रत होईल. मी तुमचे नाव झाकले आणि वर तुम्हांला निष्काम सेवेचे माहात्म्य सांगितले, तर त्याला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. कारागिराच्या निनावीपणाचे गोडवे बहुतेक वेळा नाव असलेली माणसेच गातात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा गावी मातेची ग्रोटो बांधली जात होती. दगड लावणारा गवंडी ख्रिस्ती नव्हता, पण त्याने कमान अशी वळवली की दगड आपसूक वाढत गेल्यासारखे दिसावेत. काम संपताना त्याने मागच्या बाजूला, ओल्या सिमेंटवर, खिळ्याने आपले नाव आणि साल कोरले. पुढच्या बाजूला देणगीदारांच्या नावांची संगमरवरी शिला बसायची होतीच. समितीतील एका सद्गृहस्थांना हे खपले नाही. त्यांनी थापी मागवली आणि नाव पुसायला निघाले. गवंडी काही बोलला नाही, बाजूला उभा राहिला. मी त्यांना म्हटले, राहू द्या, मागे कोण बघतो? हे म्हणताना मला वाटत होते की मागे पाहण्याची सवय आपल्याला असती तर किती बरे झाले असते. नाव राहिले. चुना दिल्यावर ते अर्धेमुर्धे वाचता येते.

सर्वांची नावे लिहिणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पन्नास नावांची पट्टी मोटारीवर बसणार नाही, आणि प्रत्येक शिलेवर बिगारी, पाणके, वीटवाले यांची यादी घालू लागलो तर भिंत पुरणार नाही. म्हणून न्यायाचे माप येथे संख्येने ठरत नाही. मला वाटते, दोन गोष्टी तरी प्रत्येकाच्या हाती असतात. विचारले असता खरे सांगणे, आणि "बांधला" म्हणण्याऐवजी "बांधवला" म्हणणे. घरातल्या भाकरीपासून संस्थेच्या अहवालापर्यंत हा एका अक्षराचा फरक आहे. वरिष्ठाच्या सहीखाली जाणारे पत्र कनिष्ठाने लिहिलेले असते, आणि त्यात वावगे काही नाही. पण पत्राची वाहवा झाली की वरिष्ठाच्या तोंडून कनिष्ठाचे नाव निघते की नाही, तेथे माणूस कळतो.

आपल्या रस्त्यांवर मात्र एक सुखद अपवाद धावत असतो. सोलापूर रस्त्यावर उभे राहून जाणाऱ्या ट्रकांच्या पाठी वाचाव्यात. मोर, कमळ, गाय-वासरू, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगवणाऱ्या पेंटरचे नाव आणि गाव, कधी फोन नंबरसुद्धा. ट्रकची चासी टाटा वा लेलँडची, केबिनचे लाकूडकाम कोणा सुताराचे, पत्रा कोणा मिस्त्रीचा, आणि सही पेंटरची. सुतार आणि मिस्त्री येथेही मागेच राहिले, हे खरे. तरी चेल्सीच्या कारखान्यातून राजेमहाराजांकडे गेलेल्या कोणत्याही गाडीवर रंगाऱ्याचे नाव नव्हते, ते धान्य वाहणाऱ्या ट्रकवर असते.

त्या जुन्या मोटारींची आज दुरुस्ती होते तेव्हा दाराच्या आतील चामडे सोडवून पत्रा काढावा लागतो. आत ॲश लाकडाचा सांगाडा दिसतो. एका गाडीचे लाकूड दुसऱ्या गाडीच्या लाकडात मिसळू नये म्हणून कारागीर त्या त्या तुकड्यावर गाडीच्या शरीराचा क्रमांक ठोकून ठेवीत. बाहेरची नावपट्टी कधी हरवलेली असते, कधी नंतर कोणी दुसरी लावलेली असते. अशा वेळी शरीर मूळचे कोणाच्या कारखान्याचे, हे जाणकार त्या लाकडावरच्या क्रमांकावरून आणि जोड कसा बसवला आहे त्यावरून ओळखतात.